पहिली पिकअप सेकंडहँड, रोखीनं आणि बीएस ४ च घ्यावी. पटत नसेल तर खोडून काढा

द्राक्षबाग_तासगाव

घरची अडीच एकर बाग. निम्मा माल व्यापारी उचलतो, निम्म्याचा बेदाणा होतो. क्रेट, औषधं, शेडवरचा बेदाणा, सगळं आजवर दुसऱ्याच्या गाडीवर. हंगामात सांगितलेल्या वेळेला गाडी येत नाही, आणि ढग भरून आले की फोनही उचलत नाहीत. म्हणून यंदा स्वतःची पिकअप घ्यायचं घरात ठरलंय. चार लाख साठवलेत. आमच्यात ट्रॅक्टर सोडून चारचाकी कुणी घेतलेली नाही, त्यामुळे दोन महिने विचारत फिरलो. त्यातून माझं मत असं झालंय.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक, सक्तीचं झालं. त्याआधीची बीएस ४ डिझेल गाडी आमच्या गावातला मिस्त्री डोळे झाकून खोलतो. बीएस ६ ला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आला, सेन्सर आले, लॅपटॉप लावल्याशिवाय दुखणं कळत नाही. माझ्या फेऱ्या बागेतून शेड, शेडवरून मार्केट, फार तर सांगली. पंचवीसेक किलोमीटरच्या आत सगळं. डीपीएफमधली काजळी जळायला गाडी लांब पळावी लागते, ती माझ्याकडे पळणारच नाही.

दुसरं कर्ज. बाग फुलोऱ्यात असताना एक अवकाळी पाऊस पुरतो. पाऊस हप्त्याची तारीख बघून येत नाही. पहिली गाडी स्वतःच्या पैशाची असावी, जुनी असली तरी चालेल.

बघितलेली गाडी: बोलेरो पिकअप, २०१८ मॉडेल, एमएच १० पासिंग, मीटरवर १ लाख ६२ हजार. मालक ४ लाख १० हजार म्हणतोय. बोला.

वाशी_लाइन

भावा, मत चुकीचं आहे आणि महागात जाणारं आहे. अकरा वर्षं वाशीला माल नेतोय. माझी पहिली गाडी अशीच होती, रोखीची, जुनी, "कुठंही दुरुस्त होते" म्हणून घेतलेली. कुठंही दुरुस्त होते हे खरं, कारण कुठंही बंद पडायची. मार्चमध्ये द्राक्षं भरून निघालो आणि खंबाटकी घाट चढताना रात्री दोनला क्लच गेला. मिस्त्री उजाडल्यावर आला. वाशीत पोचलो तेव्हा लिलाव उरकले होते, माल घामेजला होता, आणि जो भाव मिळाला त्यात भाडं सोड, शेतकऱ्याच्या पेटीचे पैसेही निघाले नाहीत. शेतकरी पुन्हा माझ्याकडे आला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

हंगामातला एक दिवस बुडाला तर किती जातात ते मांड, मग जुनी स्वस्त की महाग ते ठरव. माझी आताची बीएस ६ आहे, दुसऱ्या मालकाची, ९० हजार किलोमीटरला घेतली, आज मीटरवर पावणेदोन लाख झाले. डीपीएफचा दिवा दोनदा लागला. दोन्ही वेळा हायवेला घालून चाळीसेक किलोमीटर एका लयीत पळवली, दिवा विझला. आणि तू म्हणतोस फेरी पंचवीसची. दारात पिकअप उभी राहिली की पाहुणे, भावकी, शेजारचा बागायतदार सगळे भाडं घेऊन येतात. वर्षाच्या आत तू कोल्हापूर-पुणे करत असशील.

द्राक्षबाग_तासगाव

दादा, अनुभव तुमचा मोठा, तरी एक सांगतो. आमच्या शेजारच्या गावात एकाची बीएस ६ दुधाच्या फेरीला होती. रोज चौदा किलोमीटर, थांबत थांबत, इंजिन चालू ठेवून कॅन भरायचे. दिवा लागला, त्यानं दुर्लक्ष केलं, पुढं गाडी ताकदच घेईना. वर्कशॉपनं सांगितलेला खर्च ऐकून त्यानं गाडी तशीच विकली. तुम्ही हायवेचे आहात म्हणून दिवा विझला. भाडी मिळतील या भरवशावर मी गाडी निवडत नाही, आज जे काम आहे त्यावर निवडतोय.

हळद_हिशेब

तुम्ही दोघं गाडीवर भांडताय, पैशाचं कुणीच नीट मांडलं नाही. आमचा सांगलीत हळदीचा व्यवहार आहे, दोन गाड्यांची वही मी लिहिते.

आधी द्राक्षबागवाल्या दादांना: चार लाखांतले चारही लाख गाडीत घालायचे नाहीत. जुनी गाडी घेतली की पहिल्या तीन महिन्यांत टायर, बॅटरी, क्लच, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) यांतलं दोन तरी निघतंच. विमा वेगळा. मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीचा मूळ प्रीमियम (साडेसात टनांच्या आतल्या गाडीला) २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये आहे, वर जीएसटी. पासिंगही बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दर वर्षी. तुमचं २०१८ चं मॉडेल त्याच उंबऱ्यावर आहे. म्हणून गाडी सव्वातीनच्या वर जाऊ देऊ नका, पाऊण लाख हातात ठेवा.

आता वाशीवाल्या दादांना: तुम्ही म्हणता तसली नंतरची गाडी घ्यायची तर कर्ज आलं. सेकंडहँड गाडीला फायनान्सवाले "दहा टक्के" म्हणतात ते बहुतेक वेळा फ्लॅट असतं. समजा साडेपाच लाखांचं कर्ज, चार वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज २ लाख २० हजार, हप्ता १६,०४२. पहिल्या महिन्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज चालूच राहतं. रिड्यूसिंगच्या (फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) भाषेत तो दर साडेसतराच्या वर जातो. खरंच १४ टक्के रिड्यूसिंग मिळालं तर तोच हप्ता १५,०३० च्या आसपास येतो. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, फ्लॅट का रिड्यूसिंग, आणि उत्तर कागदावर घ्यायचं. बेदाण्याचे पैसे वर्षातून दोन-तीनदा येतात, हप्ता बारा वेळा जातो. म्हणून कर्जाबाबत मी द्राक्षबागच्या बाजूनं आहे. गाडीच्या वयाबाबत नाही.

भावात घासाघीस करायला अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली तर जुनीही उतरायला हवी. विकणारे मात्र अजून जुनाच भाव धरून बसलेत.

आलं_कोरेगाव

गाडीच घेऊ नका. वर्षात चार महिने काम, आठ महिने झाडाखाली उभी. आम्ही पाच आलं उत्पादकांनी एका गाडीवाल्याला हंगामाचा बयाणा देऊन बांधून घेतला, तो वेळेवर येतो.

मिरज_गॅरेज

कोरेगावकरांचं म्हणणं आल्याला ठीक. आलं दोन दिवस थांबतं, द्राक्ष थांबत नाही.

मी बावीस वर्षं डिझेलचंच काम करतो. बीएस ४ का ६ हा वाद मला दुय्यम वाटतो. नीट राखलेली बीएस ६ ही मारलेल्या बीएस ४ पेक्षा बरी, आणि उलटंही तितकंच खरं. पहिल्यांदा घेणारा फसतो तो गाडी कशी बघायची हे माहीत नसल्यानं. म्हणून तेवढंच सांगतो.

सकाळी लवकर जा. आदल्या रात्री फोन करून सांग, मी येईपर्यंत सेल मारू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेव. कोमट लागलं तर चहा पिऊन गाडी गार व्हायची वाट बघ, किंवा सरळ परत ये. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेलला उठलं पाहिजे. सुरुवातीला थोडा धूर येईल, तो मिनिटभरात जायला हवा. निळसर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. काळा असेल तर इंजेक्टर नाहीतर हवेचा फिल्टर. पांढरा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतंय, हेडचं काम.

मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून जागेवरच उलटं ठेव. नुसतं थरथरलं तर ठीक. टुणटुण उडालं, खालून धुराचे झोत आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-बोअर गेले. हे दिसल्यावर मालक "सगळ्याच डिझेलला असतं" म्हणेल. नसतं.

मीटरवर विश्वास ठेवू नको, क्लचच्या पॅडलचं रबर बघ. रबर गुळगुळीत, स्टिअरिंगवरची दाणेदार कातडी चकचकीत आणि मीटर ७० हजार, असं जमत नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालचे असले तर गाडी कशी चालवली ते कळतं.

सगळ्यात शेवटी पोतं घेऊन हौद्याखाली उताणा पड. पाट्यांचे हँगर जिथं चॅसीला लागतात तिथं टॉर्च मार. वेल्डिंगची जाड शिवण दिसली, किंवा तेवढ्याच जागी नवा काळा रंग, तर त्या गाडीनं ऊस नाहीतर वाळू वाहिलीय. इंजिन बदलून मिळतं, मोडलेली चॅसी जन्मभर त्रास देते.

वाशी_लाइन

मिस्त्रींचं हे मला अकरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर खंबाटकीतली रात्र टळली असती. तरी माझं मत तेच. बघायचं सगळं बघ, पण २०२० नंतरची बघ.

कागद_आधी

सगळे इंजिनात डोकं घालून बसलेत. बोजा बघितला का? आरसीवर फायनान्सचं नाव असेल तर नुसतं "हप्ते फिटलेत" ऐकायचं नाही. फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्यायची. ऑनलाइन चलन, टॅक्स, फिटनेस, विमा हे सगळं गाडीच्या नंबरवर परिवहनच्या ॲपमध्ये दिसतं. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलीय का ते विचारा.

मला माझी जुनी गाडी विकताना फटका बसला. एजंटकडे सह्या करून कागद दिले, त्यानं नाव बदललंच नाही. गाडी तिसऱ्याकडे गेली, तिथं अपघात झाला आणि कोर्टाची नोटीस माझ्या दारात. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, रजिस्टरवर ज्याचं नाव तोच भरपाईला जबाबदार. हे विकणाऱ्यालाही सांगा, म्हणजे तो स्वतःहून आरटीओला येईल.

एक दिलाशाचं: गाडीचं एकूण वजन मालासह ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. कारचं लायसन्सही साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहूला चालतं, नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. जास्त माल भरण्याच्या फंदात मात्र पडू नका. कायद्यात ओव्हरलोडला २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार दंड लिहिलाय.

कृष्णाकाठ_भिलवडी

तुम्ही सांगली जिल्ह्यातली २०१८ ची गाडी बघताय आणि पुराचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैत पुन्हा. आमच्या गावात गाड्या उंचवट्यावर नेऊन लावल्या होत्या, तिथंही पाणी चढलं. त्यातल्या कितीतरी धुऊन, वाळवून विकल्या गेल्या. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही, घरंच वाहून चालली होती. पण घेणाऱ्यानं बघितलं पाहिजे.

आरसीवर पहिल्या मालकाचा पत्ता वाचा. नदीकाठचं गाव असेल तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग धुतला जातो, आत गुंडाळलेला राहतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरचे जोड बघा, हिरवट बुरशीसारखं लागलं तर पाणी पोचलंय. मागच्या दिव्याच्या काचेत आतून गाळाची रेघ बसते. गिअरबॉक्सचं ऑइल थेंबभर काढून बघा, दुधाच्या चहासारखं दिसायला नको.

द्राक्षबाग_तासगाव

आज सकाळी जाऊन आलो. सगळं सांगतो.

बॉनेट गार होतं. दुसऱ्या सेलला उठली, धूर लगेच गेला, झाकण थरथरलं पण उडालं नाही. चॅसी स्वच्छ, एकही शिवण नाही. फॉर्म ३५ मालकाकडे होता. मी मनातून गाडी घेतलीच होती. मग भिलवडीच्या दादांचं आठवलं आणि ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा ओढला. वरचा काळाभोर. ओढत गेलो, ओढत गेलो, आणि शेवटच्या वीतभर भागावर तांबूस रेघ, तिच्याखाली पट्टा कडक, वाळलेल्या फडक्यासारखा. बोटाला बारीक माती लागली.

मालकाकडे बघितलं. तो काही क्षण बोलला नाही. मग म्हणाला, "एकवीसच्या पुरात मेहुण्याच्या गोठ्यात लावली होती. बंद होती. पाण्यात चालवली नाही, शपथ." खोटं बोलला असं मला वाटत नाही. लगेच ३ लाख ४० वर आला. आता काय करू?

वाशी_लाइन

सोड. वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही.

मिरज_गॅरेज

मी इतक्या लगेच सोडा म्हणणार नाही. बंद उभ्या गाडीत पाणी शिरलं तर इंजिन वाचतं. चालू असताना पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, ते इथं झालेलं दिसत नाही. बीएस ४ मध्ये सेन्सरही कमी. हाउसिंग (मागचा ॲक्सल) आणि गिअरबॉक्सचं ऑइल काढून बघू दे म्हणाव, मी येतो. स्वच्छ निघालं तर तीनला माग.

हळद_हिशेब

पाण्यात बसलेली गाडी पुढं विकताना तुम्हीही हेच सांगणार आहात ना? मग तुमच्या हातात किती येतील ते आजच्या भावातून वजा करा. मला तर तीनही जास्त वाटतात.

द्राक्षबाग_तासगाव

ताईंचा प्रश्न लागला. मी सांगणारच, आणि ऐकणारा निघून जाईल. ही सोडली.

बीएस ४ आणि रोखीवर मी अजून ठाम आहे. गाडीची हद्द मात्र सव्वातीन केली, पाऊण लाख बाजूला काढून आईकडे दिले. उद्या विट्याला एक बघायची आहे, २०१९ ची, नदीपासून लांबची. सातला पोचतो. मालकाला सांगितलंय, मी येईपर्यंत सेल मारू नका.