शब्दचर्चा : 'प्रासादिक' वस्तू

प्रश्न : संतांची झोळी, काठी, पादुका यांना 'प्रासादिक' वस्तू म्हणतात. प्रासादाशी, म्हणजे राजवाड्याशी, याचा काही संबंध आहे का? त्याऐवजी 'अवशेष' म्हटलं तर चालेल?

उत्तर : राजवाड्याशी संबंध नाही. मूळ शब्द 'प्रसाद'. 'समाज'चं 'सामाजिक' होतं, तसं 'प्रसाद'चं 'प्रासादिक'. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, निर्मळपणा. कवितेला आपण प्रासादिक म्हणतो ते याच अर्थानं. दुसरा अर्थ नैवेद्यातला. देवापुढे ठेवलेला पदार्थ परत हाती येतो तेव्हा तो प्रसाद होतो. चव तीच असते, पण आता तो देवाकडून आलेला असतो. संतांच्या अंगाखांद्यावरची झोळी भक्त याच भावनेनं स्वीकारतो.

'अवशेष' मला अजिबात पटत नाही. जे उरलं ते अवशेष, म्हणजे माणूस गेला हे आधीच गृहीत धरलं. भक्ताच्या लेखी तो गेलेलाच नसतो. आषाढी वारीला आळंदीहून पालखीत पादुका निघतात, पण वारकरी म्हणतो, 'माउली निघाली.'

पादुकांवरून आणखी एक. लाकडाच्या, पायात घालायच्या त्या खडावा. माथा टेकायचा तिथे मात्र कुणी खडावा म्हणत नाही, पादुकाच म्हणतात. दत्तसंप्रदायात नृसिंह सरस्वतींच्या पादुकांना स्थानागणिक वेगळं नाव आहे : औदुंबरला विमल, नरसोबाच्या वाडीला मनोहर, गाणगापूरला निर्गुण. 'निर्गुण पादुका' हा शब्दप्रयोग मला फार मोठा वाटतो. पाऊल म्हटलं की आकार आलाच, आणि विशेषण मात्र निराकाराकडे नेणारं!

दुसरं उत्तर : वरचं सगळं मान्य, पण गाडगेबाबांना यात कुठे बसवायचं? डेबूजी झिंगराजी जानोरकर (१८७६–१९५६) हे त्यांचं नाव. लोकांनी हातातल्या मातीच्या गाडग्यावरून त्यांना ओळखलं. दिवसा खराट्यानं गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून लोकांच्या डोक्यातली जळमटं काढायची. त्या खराट्याला 'प्रासादिक' म्हणून मखरात ठेवायला माझं मन धजत नाही. तो कुणीतरी उचलून गल्ली झाडायला घ्यावा, यातच त्याची पूजा आहे. तेव्हा लिहिताना संप्रदायाच्या भावनेबद्दल बोलत असाल तर 'प्रासादिक' जरूर वापरा. गाडगेबाबांबद्दल लिहाल तेव्हा सरळ 'बाबांचा खराटा' म्हणा.