मध्य कुठं म्हणून विचारलंय त्याबद्दल

वर एकांनी विचारलंय की विश्व पसरायलंय तर त्याचा मध्य कुठं. मध्य नाहीच हो. आमचं शहापुरात टेलरिंगचं दुकान आहे, काल पोरासाठी हातभर इलास्टिक घेतलं, इंचाइंचावर पेनानं ठिपके मारले आणि ताणून दुप्पट केलं, तर शेजारचा ठिपका एक इंच सरकला आणि दहावा दहा इंच. कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवा, बाकीचे त्याच्यापासूनच लांब जाताना दिसणार. हबल या खगोलशास्त्रज्ञानं १९२९ ला दीर्घिकांचं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं, हेच दाखवलं, जेवढी लांब तेवढी जोरात पळते. वेग दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागं सेकंदाला ७० किमीच्या आसपास, पण सुपरनोव्हावरून (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून) मोजलं तर ७३ येतं आणि विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून ६७, हा घोळ अजून सुटलेला नाही.

अन् बेळगाव-कोल्हापूर अंतर काय त्यानं वाढत नाही, ते डायव्हर्जननं वाढतं :) जिथं गुरुत्वाकर्षणानं धरून ठेवलंय तिथं पसरणं चालत नाही, म्हणून तर आपल्या शेजारची देवयानी दीर्घिका उलट आपल्याकडंच यायलीय.

शेवटी सगळं परत आकसणार असं दुसऱ्या एकांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. १९९८ ला कळलं की पसरण्याचा वेग वाढायलाय, म्हणजे थंड अंधाराकडंच जाणार असं दिसतंय. फक्त डेसी (DESI) या दीर्घिका मोजणाऱ्या प्रकल्पाच्या २०२४-२५ च्या मोजणीत डार्क एनर्जी, म्हणजे हा वेग वाढवणारी जी काय ऊर्जा मानतात ती, ढिली पडत असल्याचा इशारा आहे, पक्कं नाही. आमचं ते इलास्टिकपण संध्याकाळपर्यंत ढिलं पडलं, पण तो क्वालिटीचा प्रश्न.