अनुभव धागा : पूर, आग, आजारपण आणि चर्चची चावी नक्की कुणाकडे?

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका लहान चर्चच्या कमिटीत मी सेक्रेटरी आहे, म्हणजे खुर्च्या मोजायच्या आणि लाईट बिल भरायचं. पाळकसाहेब म्हणाले पावसाळ्याआधी संकटाच्या वेळी काय करायचं ते एका कागदावर उतरवा. नेटवर बघितलं तर सगळं परदेशातल्या मोठमोठ्या चर्चचं, चक्रीवादळ काय, तळघर काय. आपल्याकडं एक हॉल, एक संडास आणि बाहेर चिखल. म्हणून इथं विचारतोय, उपदेश नको, तुमच्याकडं काय झालं आणि काय चुकलं तेवढं लिहा.

आमचं सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाला फुगला आणि गल्लीतलं पाणी हॉलमध्ये शिरायला लागलं. चाव्या तिघांकडे. एक जण गोव्याला लग्नाला, दुसऱ्याचा फोन बंद आणि तिसरा मी, माझ्याकडची चावी जुन्या कुलपाची निघाली! कुलूप फोडलं तर मेन स्विच पार आतल्या भिंतीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाण्यात पाय कोण घालणार? शेवटी वायरमननं खांबावरनं फ्यूज काढला, तोपर्यंत आम्ही दारात उभे. आता बोर्ड छातीच्या वर घेतलाय, दाराजवळ. चाव्यांचं अजून ठरत नाहीय, ते कमिटीचं राजकारण आहे, सोडा.

घटप्रभाकाठची सून
गोकाककडचं आहे. त्याच वर्षीचं. हिडकल धरणातनं पाणी सोडलंय म्हणून गाडी फिरली रात्री, आमच्याकडं घटप्रभेला मार्कंडेय नदीचंही पाणी येऊन मिळतं त्यामुळं वाढलं की झपाट्यानं वाढतं. लोकांनी गाद्या, तांदूळ, टीव्ही वर नेले. चर्चमधनं काय न्यायचं हे कुणाच्या डोक्यातच नाही. पोरांनी कीबोर्ड आणि स्पीकर वाचवले, आणि बाप्तिस्म्याची नि लग्नाची रजिस्टरं लोखंडी कपाटात राहिली, सगळ्यात खालच्या कप्प्यात. का? तर जड म्हणून.

पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर पानांचा लगदा. सासूबाई म्हणाल्या उन्हात टाका, बरं झालं टाकली नाहीत, एका ओळखीच्या ग्रंथपालांनी फोनवर सांगितलं की उन्हानं पानं वाकतात नि चिकटतात, सावलीत पंख्याखाली ठेवा आणि दर थोड्या पानांमागं कोरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. आठ दिवस आम्ही बायका ते कागद बदलत बसलो. गंमत बघा, आजोबांच्या काळातली काळी शाई शाबूत आणि आमच्या लग्नाची निळी वाहून गेली, नवरा अजून चिडवतो. पण ज्यांना पासपोर्टला नाहीतर वारसाच्या कामाला दाखला लागला त्यांना विचारा काय हाल झाले. आता प्रत्येक पानाचा फोटो काढून दोन घरांत पेनड्राईव्ह ठेवलाय, आणि रजिस्टरं माळ्यावर.

निपाणीकर
आमच्याकडं पूर चर्चमध्ये आला नाही, माणसं आली. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर चढलं आणि पी.बी. रोड (पुणे-बेंगळुरू हायवे) बंद, लॉऱ्यांची रांग लागली, ड्रायव्हर लोक भिजलेले, मग आमच्या तरुण संघानं कुणाला न विचारताच हॉल उघडला आणि उप्पीट टाकलं. दुसऱ्या दिवशी एक जुने पंच आले, हॉलमध्ये विडी ओढतात म्हणून भडकले. विडीच्या तंबाखूवर चालणाऱ्या निपाणीत राहून विडीला नावं ठेवायची म्हणजे कमालच की.

पण खरी चूक आमचीच. लाईट नव्हती, जनरेटर पावसात भिजायला नको म्हणून व्हरांड्यात खिडकीखाली लावला, धूर सगळा आत. पहाटे दोघं डोकं धरून उलट्या करालेत, आम्हाला वाटलं उप्पीट बाधलं. एक ड्रायव्हरच ओरडला, गॅस आहे हा, दारं उघडा. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो म्हणे, झोपेत माणूस जातो. अंगावर काटा येतो आठवलं की. आता जनरेटर कंपाऊंडच्या कडेला लांब, पत्र्याखाली. आणि दुसरं, संडास एकच आणि वाटेवर अंधार, रस्त्यात अडकलेल्या दोन बाया रात्रभर पाणीच प्यायल्या नाहीत. हे आमच्या नाही, स्वयंपाकाला आलेल्या एका मावशीच्या लक्षात आलं.

नाताळचा गोठा
पुराचं सगळे बोलालेत, आगीचं मी सांगतो. नाताळात येशूजन्माचा देखावा म्हणून गोठा करतो, त्याला खरी पिंजर, वर सिरीजच्या दिव्यांच्या माळा, सगळ्या एकाच एक्स्टेन्शनला. चोवीस तारखेच्या रात्री कॅरल चालू असताना वायर तापून पिंजर पेटली. भिंतीवर लाल सिलिंडर होता पण पिन ओढायची हे कुणाला माहीतच नाही, एकानं ती ओढली तर प्रेशरच्या काट्यानं कधीच लाल गाठलेला, फुस्स. शेवटी प्लग काढून सतरंजी टाकून विझवली. तेवढ्यात लोक दाराकडं पळाले आणि दाराचं एक पाखं वरच्या कडीनं बंद, थंडी येते म्हणून! एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला, तो आगीनं नाही, दारात.

वॉर्ड सिस्टर
उपासना चालू असताना एक काका कोसळले. मी दाबायला सुरुवात केली, छातीच्या मधोमध, जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. एकाला १०८ लावायला सांगितलं. फोनवरचा माणूस कन्नडमध्ये पत्ता विचारतोय आणि आमचा मुलगा घाबरून मराठीत ‘पिंपळाच्या कट्ट्यामागं’ म्हणतोय. एरवी तोच पोरगा बाजारात फाडफाड कन्नड बोलतो. काका वाचले. मी दाराशेजारी पत्ता आणि खूण कन्नड-मराठी दोन्हीत मोठ्या अक्षरात चिकटवलीय, खाली १०८ आणि ११२. भाषेवरनं कुणी नाक मुरडलं नाही अजून.

खानापूर बाजूचा
आमच्याकडं पाऊस असा की झाड पडलं की लाईट जाते, पाठोपाठ रेंज. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काय कामाचा? ठरवलं की घंटा वाजवायची. पहिल्यांदा वाजवली तर बायका रडतच आल्या, कोण गेलं म्हणून, कारण आमच्याकडं मयताची घंटा वेगळी असते आणि वाजवणारा पोरगा नवा. आता धोक्याची घंटा म्हणजे थांबा न घेता एकसारखी, आणि घरोघरी जाऊन सांगितलंय.

बेळगावचा सेक्रेटरी (धागा काढणारा)
सिस्टर, तुमचं बघून आजच पत्ता चिकटवला. आणि चाव्या चार झाल्या. चौथी समोरच्या किराणावाल्याकडं, तो चर्चला येत नाही पण पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तिथंच असतो. कमिटीतल्या एकाला ते पटलेलं नाही. तोच कमिटीवाला गेल्या रविवारी विचारत होता, तुझ्या चावीनं कुलूप उघडतं का एकदा बघितलंस काय. नव्हतं बघितलं.