ताकानाकाला 'लॉबी म्युझिक' म्हणणाऱ्यांसाठी

मंद्रसप्तक
सिटी पॉपच्या, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या जपानी शहरी पॉपच्या, धाग्यावर तारतम्य यांनी एका जपानी गिटारवादकाबद्दल लिहिलंय, "मासायोशी ताकानाका म्हणजे हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं गुळगुळीत संगीत. सर्फबोर्डला तारा लावून त्याची गिटार केली म्हणून लोक बघतात." तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

टोकियोत १९५३ साली जन्मलेला हा माणूस विशीच्या आत 'फ्लाइड एग'मध्ये बास वाजवत होता. हार्ड रॉक, लॉबी नव्हे. मग काझुहिको कातोच्या सॅडिस्टिक मिका बँड या रॉक बँडमध्ये गिटार. त्यांचा १९७४ चा 'कुरोफुने' हा अल्बम क्रिस थॉमस या इंग्रज निर्मात्याने प्रोड्यूस केला आणि १९७५ मध्ये ही मंडळी रॉक्सी म्युझिक या ब्रिटिश बँडच्या आधी वाजवायला इंग्लंडमध्ये फिरली. बँड मोडल्यावर, १९७६ मध्ये, 'सेशेल्स' हा पहिला स्वतःचा अल्बम.

आता 'जॉली जाइव्ह' (१९७९) मधलं 'ब्लू लगून' घ्या. खाली नाचायला लावणारा ताल, वर गिटार, आणि ती गिटार गायकाच्या जागेवर उभी आहे. बोटांचा वेग दाखवायची घाई नाही. सूर किती धरायचा आणि कुठे सोडायचा हे गळ्याच्या हिशेबाने ठरतं. फंक, सांबा, डिस्को, रॉक अशी लेबलं लावून बघा, सांधा सापडत नाही. ही रचनाकाराची करामत आहे, सर्फबोर्डची नाही.

तारतम्य
सांधा सापडत नाही हीच तर माझी तक्रार! मिसळताना सगळ्याचे कोपरे घासून टाकले की सांधा कसा सापडेल? रिओला जाऊन 'ब्राझिलियन स्काइज' (१९७८) केला आणि त्यात काय, तर 'स्टार वॉर्स'च्या धूनचा सांबा. सेशेल्स, ब्राझील, निळं पाणी. ट्रॅव्हल कंपनीचं कॅलेंडर आहे हे. मिका बँडमधला ताकानाका मलाही आवडतो, 'कुरोफुने' मी आजही लावतो. त्या गिटारला दात होते.

दर्यावर्दी
वडील मालवाहू जहाजावर होते. योकोहामाहून त्यांनी एक कॅसेट आणली, त्यावर सगळं जपानीत, कुणालाच वाचता येईना. आई रत्नागिरीच्या घरात भाकऱ्या थापताना त्यातलं एक गाणं गुणगुणायची. शब्दच नाहीत, त्यामुळे अडायचं काही नाही. पुढे कित्येक वर्षांनी इंटरनेटवर कळलं की ते 'ब्लू लगून'. वडील सहा-सहा महिने घरी नसायचे. त्या कॅसेटला कॅलेंडर म्हणायचं असेल तर म्हणा.

तारतम्य
तुमच्या आईंबद्दल आदर आहेच. पण आठवण तुमची, संगीत त्याचं. दोन्ही एका तराजूत घालू नका.

ऋतुजा_के
दात हवेत ना? 'द रेनबो गॉब्लिन्स' (१९८१) ऐकलाय का? उल दे रिको या इटालियन चित्रकाराच्या पुस्तकावरचा डबल अल्बम. रंग खाऊन जगणारे सात गॉब्लिन, म्हणजे परीकथेतली खोडकर भुतं, इंद्रधनुष्य पकडायला निघतात, मध्ये इंग्रजी निवेदन, आणि गोष्ट पुढे नेते ती गिटार. त्यातलं 'थंडरस्टॉर्म' लावा आणि मग गुळगुळीत म्हणा. टोनबद्दलही बोला कुणीतरी. त्याच्या यामाहा एसजी-२००० या गिटारची मान तिच्या अंगातून आरपार जाते, म्हणून सूर इतका टिकतो. गिटारवादक कार्लोस सॅन्टानाही त्या काळात यामाहाच वाजवत होता.

गिरगावकर
मला एकाच शब्दाचा राग आलाय. हॉटेलची लॉबी. चिक चॉकलेट ताजमध्ये बँड वाजवायचे आणि तेच सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रंपेट फुंकायचे. हॉटेलात वाजवूनच आमच्यातल्या कित्येकांनी घरं चालवली. मी स्वतः स्टुडिओत गिटार वाजवली. एका कॅसेटवर पूर्ण बाजू माझी आहे, तिच्यावर माझं नाव नाही. विचारलं तर कंपनीचा माणूस म्हणाला, जागा नाही. तिकडे वादकाच्या नावावर टोकियोचं बुडोकान सभागृह भरतं.

मंद्रसप्तक
काका, राग समजतो. पण आपल्याकडे वॅन शिपले होते की. इलेक्ट्रिक गिटारच्या रेकॉर्ड त्यांच्याच नावाने निघाल्या.

गिरगावकर
निघाल्या! चाली कोणाच्या होत्या? सिनेमाच्या! शिपलेंचा हात थोर, पण लोकांनी मागितली ती गाण्याची चाल. ताकानाकाही स्टुडिओतलाच माणूस. योसुई इनोउए या गायकाच्या 'कोरी नो सेकाई' या अल्बमवर (१९७३) त्याने वाजवलंय. फरक इतकाच की पुढे त्याला कुणीतरी म्हणालं, आता तुझ्या चाली आण. आमच्या सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनसाठी आयुष्यभर अरेंजमेंट लिहिल्या. त्यांच्या स्वतःच्या चाली कुणी मागितल्या?

ऋतुजा_के
पण जपानमध्येही हे सगळ्यांना मिळालं नाही, काका.

गिरगावकर
नसेल. एकाला मिळालं ना? आम्हाला तेवढंही पुष्कळ होतं.

तारतम्य
रात्री 'थंडरस्टॉर्म' ऐकलं. दात आहेत. 'गॉब्लिन्स'पुरतं माझं म्हणणं मागे. 'सेशेल्स'बद्दल अजूनही तेच म्हणतो, आणि स्टार वॉर्सचा सांबा मला कुणी पटवू शकणार नाही. गिरगावकर, लॉबी हा शब्द तुमच्यासाठी नव्हता.

दर्यावर्दी
सत्तरी ओलांडल्यावर तो लॉस एंजेलिसला वाजवून आला. समोर नातवंडांच्या वयाची पोरं होती. कॅलेंडर बघायला इतकी गर्दी होत नाही.

तारतम्य
गर्दी हा पुरावा असेल तर पुष्कळ काही सिद्ध होईल.

मंद्रसप्तक
भांडण पुन्हा तिथेच येतंय. काका, गोव्याच्या अरेंजरांवर वेगळा धागा काढा ना. डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस.

गिरगावकर
अरेंजरांची नावं तरी सापडतात. मी वाजवणाऱ्यांवर काढतो. कोण कोणत्या गाण्यात बसलं होतं हे सांगणारी माझ्या ओळखीची चार-पाच म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना रविवारी फोन लावतो. तोपर्यंत तुमचं जपान चालू द्या.