लू बूचे सरदार : गाओ शुन निष्ठावान की नुसताच मूर्ख?

जुनाट
चीनमधल्या तीन राज्यांच्या काळाच्या आधीची, हान साम्राज्य मोडकळीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. लू बू हा त्या काळातला बहुधा सगळ्यात नावाजलेला लढवय्या आणि सगळ्यात बेभरवशाचा माणूस. आपला पहिला धनी डिंग युआन याला त्याने इ.स. १८९ मध्ये मारलं, दुसरा डोंग झुओ याला १९२ मध्ये. मग आसरा देणाऱ्या लिऊ बेई या सेनानीच्याच हातून श्यापी शहर बळकावलं. १९८ च्या हिवाळ्यात त्साओ त्साओ या बलाढ्य सेनानीने श्यापीला वेढा घातला आणि यी व सी या दोन नद्यांचं पाणी शहराकडे वळवलं. तीन महिने वेढा, लोक पाण्यात. शेवटी हौ छंग, सोंग श्यान आणि वेई श्यू या लू बूच्याच सरदारांनी सल्लागार छन गोंगला बांधून शत्रूच्या हवाली केलं. खेळ खलास.

पुढे काय झालं? लू बू, छन गोंग आणि लू बूचा सरदार गाओ शुन या तिघांना मारून त्यांची मुंडकी राजधानीला पाठवली. लू बूचाच दुसरा सरदार झांग लियाओ आपली फौज घेऊन त्साओ त्साओला शरण गेला, सरदारकी मिळवली आणि २१५ मध्ये हफेईला निवडक ८०० लोकांनिशी दक्षिणेतल्या सुन च्वानच्या लाखाच्या फौजेत घुसला. आजही चिनी पोरं त्याचं नाव घेतात.

माझं म्हणणं सरळ आहे. झांग लियाओ शहाणा, गाओ शुन मूर्ख. लू बूसारख्या माणसासाठी जीव देणं ही निष्ठा नव्हे, अक्कल गहाण टाकणं आहे. घाला शिव्या.

शिळोप्या
शिव्या नाही, पण प्रश्न आहे. झांग लियाओचे धनी मोजलेत का? डिंग युआन, हे जिन, डोंग झुओ, लू बू आणि मग त्साओ त्साओ. पाच! लू बूने धनी बदलले की गद्दार, झांग लियाओने बदलले की शहाणा. हा कुठला न्याय?

जुनाट
फरक आहे ना. झांग लियाओने एकाही धन्याचा गळा चिरला नाही. धनी मेला किंवा बुडाला की तो पुढच्याकडे गेला. नोकरी बदलणं वेगळं आणि मालकाला मारून गल्ला घेऊन पळणं वेगळं.

वाकडी वाट
जुनाट, गाओ शुनबद्दल तुम्ही काहीच वाचलेलं दिसत नाही, किंवा वाचून सोयीस्कर विसरलात. दारूला न शिवणारा, कुणाची भेटवस्तू न घेणारा, कमी बोलणारा माणूस. हाताखाली सातशेच्या वर शिपाई, म्हणायला हजार. चिलखतं, हत्यारं एकदम चोख. ज्या फळीवर तुटून पडतील ती फुटलीच, म्हणून त्यांना 'फळीफोडे' अशा अर्थाचं नाव पडलं होतं.

१९६ मध्ये हाओ मंग या सरदाराने रात्री बंड केलं. लू बू बायकोला घेऊन, केस मोकळे, अर्धवट कपड्यांत, संडासाची भिंत ओलांडून पळाला तो थेट गाओ शुनच्या छावणीत. बंड कुणाचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. गाओ शुनने विचारलं, काही ओळखू आलं का? लू बू म्हणाला, बोली हेनेईकडची वाटली. "मग हाओ मंगच," म्हणून गाओ शुन निघाला आणि पहाटे त्याचं डोकं उडवूनच थांबला.

याचं बक्षीस काय मिळालं? लू बूने हळूहळू त्याला दूर केलं आणि त्याची फौज काढून वेई श्यूला दिली. का, तर वेई श्यू नात्यातला! लढाई आली की तेवढ्यापुरती ती माणसं परत गाओ शुनकडे, लढाई संपली की काढून घ्यायची. तरी हा माणूस चकार शब्द बोलला नाही. आणि अखेर फितूर कोण झालं? तोच नात्यातला वेई श्यू.

जुनाट
अहो, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. इतकं होऊनही जो राहतो त्याला काय म्हणायचं?

वाकडी वाट
शिपाई म्हणायचं. आणि तो आंधळा नव्हता. लू बूला तोंडावर सांगितलं होतं त्याने: बुडालेल्या घराण्यांत शहाणी माणसं नव्हती असं नाही, त्यांचं ऐकलं गेलं नाही. तुम्ही विचार न करता पाऊल उचलता आणि मग "चुकलं" म्हणता. अशा चुका किती मोजायच्या? हे मूर्ख बोलतो का?

कट्टेकरी
निष्ठा-बिष्ठा बाजूला ठेवा. त्साओ त्साओ हिशेबी माणूस होता. कोण काय घेऊन आलं ते बघा. झांग लियाओ फौजेसकट आला. ताई पर्वताकडचा त्सांग बा लू बूच्या बाजूने होता, पाडावानंतर लपून बसला. त्साओ त्साओने त्याला शोधून काढलं आणि पूर्वेकडचा किनारपट्टीचा मुलूखच सोपवला, कारण तिथली माणसं त्याचंच ऐकत. गाओ शुनची माणसं त्याच्याच धन्याने आधी काढून घेतलेली. तो हात हलवत आला. हात हलवत आलेल्याला कोण ठेवतो?

हे सगळं बघून मला पेशवाईतली वतनं आठवतात, पण...

शिळोप्या
पण नकोच. प्रत्येक धाग्यात पानिपत आणायलाच हवं का?

कट्टेकरी, तुमचा हिशेब ऐकायला बरा आहे, पण त्सांग बाची गोष्ट अर्धी सांगितलीत. त्साओ त्साओविरुद्ध बंड केलेले दोन अधिकारी त्याच्याकडे आश्रयाला होते. त्साओ त्साओने लिऊ बेईमार्फत त्यांची मुंडकी मागवली. त्सांग बा म्हणाला, असली कामं करत नाही म्हणूनच मी आजवर स्वतःच्या पायावर उभा आहे. त्साओ त्साओ खूश झाला आणि त्या दोघांनाही सुभे दिले! निव्वळ हिशेब असता तर मुंडकीच घेतली असती.

कट्टेकरी
तोही हिशेबच. दोन मुंडक्यांपेक्षा त्सांग बा महाग होता.

गाओ शुनचा आणखी एक हिशेब राहिला. त्याच १९८ मध्ये त्याने पेई इथे लिऊ बेईला झोडपलं आणि मदतीला आलेल्या श्याहौ डुनला, म्हणजे त्साओ त्साओच्या घरच्याच सेनापतीला, पिटाळून लावलं. तो डाव मनात असणार.

वाकडी वाट
त्या मोहिमेवर झांग लियाओही होता. त्याला का सोडलं मग?

कट्टेकरी
फौज. पुन्हा फौज. :)

रानभूल
फितुरांबद्दल कुणी बोलतच नाहीये. हौ छंगचे पंधरा घोडे राखणीच्या माणसाने लिऊ बेईकडे पळवून न्यायला काढले. हौ छंगने स्वतः पाठलाग करून सगळे परत आणले. दोस्त अभिनंदनाला येणार म्हणून त्याने दारू गाळली, दहाएक रानडुकरं मारली. कुणी घोट घ्यायच्या आधी अर्धं डुक्कर आणि पाच मापं दारू लू बूपुढे नेऊन गुडघे टेकले. लू बू भडकला: मी दारूबंदी केलीय आणि तू दारू गाळतोस? एकत्र बसून खाता-पिता, भाऊ-भाऊ होता, मला मारायचा बेत आहे का? बिचाऱ्याने सगळी दारू ओतून दिली, दोस्तांच्या भेटी परत केल्या. वेढा पडल्यावर हा माणूस कुणाच्या बाजूने राहणार होता? (त्याने लू बूचा लाल घोडा चोरल्याचं जे सांगतात ती 'तीन राज्यांची कथा' या नंतरच्या कादंबरीची फोडणी.)

पकडल्यावर लू बू कुरकुरला की मी सरदारांना इतकं चांगलं वागवलं आणि वेळ येताच सगळे उलटले. त्यावर त्साओ त्साओ: बायकोच्या पाठीमागे सरदारांच्या बायकांवर डोळा ठेवायचास, याला चांगलं वागवणं म्हणतात? लू बू गप्प.

शिळोप्या
हे झकास. पण मग छन गोंग? त्याची सगळे आरती ओवाळतात. १९४ मध्ये त्साओ त्साओला दगा देऊन लू बूला आणलं ते त्यानेच. हाओ मंगच्या बंडातही त्याचं नाव आलं होतं. भर सभेत तोंड लाल झालं त्याचं, लू बूने सोडून दिलं.

वाकडी वाट
मान्य, पण मरताना तो सगळ्यांत ताठ होता. त्साओ त्साओने आईचं काय करायचं विचारलं, तर म्हणाला, जो आईबापांचा मान राखून राज्य करतो तो दुसऱ्याच्या आईला मारत नाही. मागे वळून न बघता वधस्थानाकडे गेला. त्साओ त्साओने त्याच्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं, मुलीचं लग्न लावून दिलं. छन गोंगचे शब्द राहिले, लू बूची रडारड राहिली. गाओ शुनचा मात्र शेवटचा एक शब्दही कुणी नोंदवलेला नाही.

जुनाट
झांग लियाओबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण संडासाच्या भिंतीवरून आलेल्या धन्याला "बोली कुठली होती?" एवढंच विचारून कामाला लागणारा माणूस... ठीक आहे, 'मूर्ख' मागे घेतो. 'हट्टी' म्हणू का?

रानभूल
दारू न पिणाऱ्याला मित्रमंडळी हट्टीच म्हणतात.