करार होईपर्यंत तोंड बंद: कमिटीनं सही करावी का?

रांजणगावकर
तीन वर्षांचा पगाराचा करार संपला, आमच्या युनियन कमिटीनं मागणीपत्र दिलं. पहिल्याच बैठकीत मॅनेजमेंटनं कागद पुढे केला: सह्या होईपर्यंत टेबलावरचं काहीही बाहेर बोलायचं नाही. माझा ठाम विरोध आहे. पगार ज्यांचा, त्यांनाच पत्ता नको? मग गेट मीटिंगला सांगायचं काय, 'बोलणी चालू आहेत'?

एचआरवाला
हो, तेवढंच सांगा! कंपनी नऊ हजारांवर आली असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की रात्रपाळी संपेपर्यंत नऊ हजार पक्के. पुढे मेडिक्लेम वाढवून घेऊन आठवर मिटवायचं म्हटलं तर कमिटी विकली गेली! मग आकडा आधी उच्चारणार कोण? आणि गुप्तता काही मालकांचंच खूळ नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २१ युनियनच्या माहितीलाही संरक्षण द्यायचं.

रांजणगावकर
साहेब, कलम अर्धवट सांगू नका. समेट अधिकारी किंवा न्यायाधिकरणापुढे आलेल्या माहितीपुरतं होतं ते, तेही कुणी तशी विनंती केली तर. ग्राहकाचे दर, ऑर्डरबुक खुशाल झाका. पण कंपनीनं आम्हाला देऊ केलेली वाढ आमच्यापासूनच गुप्त? ऑगस्ट १९८० मध्ये पोलंडच्या गडान्स्कमध्ये जहाज कारखान्यातल्या संपकऱ्यांनी थेट उपपंतप्रधानांशी चाललेली बोलणी लाउडस्पीकरवरून सगळ्यांना ऐकवली. ३१ तारखेला करार झालाच की.

परळचा
पोलंड कशाला? १९८१ ला मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघानं केलेली बोनसची तडजोड गिरणी कामगारांनी झिडकारली आणि ते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख माणूस संपावर. वर परस्पर ठरवलं की खाली असं होतं.

एचआरवाला
आणि त्या संपात तडजोड शेवटपर्यंत झाली नाही, हेही सांगा ना.

माजी कमिटी मेंबर
आम्ही सही केली होती, पण दोन अटी घालून. प्रत्येक बैठकीनंतर दोघांच्या सहीचं निवेदन नोटीस बोर्डावर, आणि अंतिम मसुदा सर्वसाधारण सभेत मंजूर झाल्याशिवाय करार नाही.

परळचा
निवेदनात असायचं काय? 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली'?

माजी कमिटी मेंबर
बहुतेक वेळा तेच, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्या अटीनं तारलं. सभेनं मसुदा एकदा परत पाठवला, तेव्हा कुठे कॅन्टीनची कपात मागे घेतली. रांजणगावकर, तुमच्या कागदाला मुदत आहे का? 'करार होईपर्यंत' म्हणजे दीड वर्षही लागेल. ४५ दिवसांनी बंधन आपोआप सुटेल असं लिहून मागा, मॅनेजमेंट काय म्हणते ते इथे सांगा.

रांजणगावकर
सोमवारी बैठक आहे, मुदतीचं मांडतो. पण ऑफर लपवायला माझी सही मिळणार नाही.