लिनक्स सर्व्हरवरील अपडेट आपोआप होऊ द्यावेत का?

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार मंडळी. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एका कारखान्याची संगणकव्यवस्था मी सांभाळतो. कार्यालयात उबंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) चा सर्व्हर आहे. सुताचा साठा, मागावरून उतरलेला माल आणि बिले यांच्या नोंदी त्यावरील पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये राहतात. फाइली ठेवण्यासाठी उबंटू 20.04 चे एक जुने यंत्र आहे, आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डर घेण्यासाठी क्लाउडवर 22.04 चा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतलेला आहे. तिन्हींवर सुरक्षा-अपडेट आपोआप बसतात.

गेल्या महिन्यात दुपारी बाराच्या सुमारास, ऐन कामाच्या वेळी, ऑर्डर घेणारे पान बंद पडले. लॉग पाहिल्यावर असे दिसले की अनअटेंडेड-अपग्रेड्स या आपोआप अपडेट बसवणाऱ्या प्रोग्रामने डेटाबेसचे नवे पॅकेज (प्रोग्रामच्या फाइलींचा संच) बसवून सेवा पुन्हा सुरू केली होती, परंतु आमच्या प्रोग्रामने तुटलेली जोडणी परत जोडली नाही. मालकांचे म्हणणे आहे की हे सारे बंद करावे आणि महिन्यातून एका रविवारी हाताने अपडेट करावेत. मला ते पटत नाही, परंतु त्यांच्यासमोर ठोस कारण मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (होटगी रोड)

आधी वेळेविषयी, कारण आपल्या अडचणीचे निम्मे उत्तर तिथेच आहे. उबंटूमध्ये अपडेट बसवणारा टायमर सकाळी सहाला ठरलेला असतो आणि त्यात एक तासापर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळला जातो. कार्यालयातील यंत्रावर ही सकाळची सहा आपली असते. परंतु क्लाउडवरील सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते, आणि यूटीसीची सहा म्हणजे आपल्याकडची साडेअकरा. म्हणजे साडेअकरा ते साडेबारा या वेळात, आपल्या ऑर्डर येत असताना, पॅकेजे बदलली जात असणार. सिस्टमडी (लिनक्समधील सेवा आणि टायमर चालवणारा प्रोग्राम) याच्या टायमरची वेळ बदलून ती आपल्या पहाटेवर आणणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

ही वेळ मोठ्या कंपन्यांनाही महाग पडलेली आहे. 8 मार्च 2023 रोजी डेटाडॉग या कंपनीच्या उबंटू 22.04 वरील यंत्रांवर सिस्टमडीचा एक सुरक्षा-अपडेट यूटीसीच्या सहानंतर आपोआप बसला, नेटवर्क सांभाळणारी सेवा पुन्हा सुरू झाली आणि तिने कंटेनरांसाठी (एकाच यंत्रावर वेगवेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रामांसाठी) लावलेले नेटवर्कचे मार्ग पुसून टाकले. त्यांची यंत्रे वेगवेगळ्या प्रदेशांत आणि वेगवेगळ्या क्लाउड-पुरवठादारांकडे विभागलेली होती, ती नेमकी एखादा भाग कोसळला तरी बाकीचे चालावे म्हणून. परंतु अपडेटचे वेळापत्रक सर्वत्र एकच असल्याने ती विभागणी त्या सकाळी उपयोगी पडली नाही. त्याआधी 30 ऑगस्ट 2022 रोजी मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरील उबंटू 18.04 च्या यंत्रांचे डीएनएस (नावावरून नेटवर्कवरील पत्ता शोधण्याची सोय) अशाच एका सिस्टमडी-अपडेटने बंद पडले होते. माझ्या मते स्वयंचलनाचा खरा धोका इथे आहे: एक चूक एकाच तासात सगळीकडे पोहोचते आणि त्या वेळी पाहणारे कोणी नसते.

तरीही मालकांचा उपाय मला अधिक धोक्याचा वाटतो. 1 जुलै 2024 रोजी ओपनएसएसएच या, दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या प्रोग्राममधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, जिच्यामुळे लॉगिन न करताही बाहेरच्या माणसाला रूटचे, म्हणजे यंत्रावरील सर्व अधिकार मिळण्याची शक्यता होती. आपले 22.04 तिच्या कक्षेत येत होते. उबंटूने दुरुस्ती त्याच दिवशी दिली आणि ज्यांचे अपडेट आपोआप होतात त्यांच्याकडे ती एखाद्या दिवसात पोहोचली. महिन्यातल्या एका रविवारची वाट पाहणाऱ्याचे यंत्र मात्र तोपर्यंत, त्रुटीचा तपशील जगासमोर असताना, उघडे राहिले असते. मालकांना हे एकच उदाहरण सांगितले तरी पुरे होईल.

उत्तर (जुळे सोलापूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सर्वांत काळजीची गोष्ट आपल्या प्रश्नातच असून ती सुटून गेली आहे. उबंटू 20.04 चा नेहमीचा आधार मे 2025 मध्ये संपला. त्या यंत्रावर टायमर रोज चालत असेल, लॉगमध्ये कोणतीही चूक दिसत नसेल, आणि तरीही उबंटू प्रो या वाढीव आधाराच्या योजनेची नोंदणी केलेली नसल्यास त्यावर नवीन काहीही येत नसेल. नोंदणी केल्यास 2030 पर्यंत दुरुस्त्या मिळतात, अन्यथा ते यंत्र नव्या आवृत्तीवर नेणे हाच मार्ग आहे. आपोआप होत आहे म्हणून आपण निश्चिंत राहतो आणि प्रत्यक्षात काहीच होत नसते, हा प्रकार सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट आहे, कारण बंद पडलेला सर्व्हर निदान लक्षात तरी येतो.

याच जातीचे आणखी एक उदाहरण. आपण एखाद्या पॅकेजची कॉन्फिगरेशन फाइल हाताने बदलली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती फाइल बदललेली असेल, तर कोणती ठेवायची हे डीपीकेजी (पॅकेजे बसवणारा मूळ प्रोग्राम) विचारते. रात्री उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे अनअटेंडेड-अपग्रेड्स ते पॅकेज वगळते, लॉगमध्ये एक ओळ लिहिते आणि पुढे जाते. शिवाय पोस्टग्रेएसक्यूएल किंवा अन्य काही बाहेरच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या भांडारातून) घेतलेले असेल, तर मूळ मांडणीत त्याचे अपडेट होतच नाहीत. ती रिपॉझिटरी यादीत स्वतः घालावी लागते. म्हणून केवळ लॉगवर विसंबू नका. निदान चूक झाली किंवा काही वगळले गेले तर ईमेल येईल अशी व्यवस्था करा आणि तो ईमेल वाचणारी व्यक्ती ठरवून ठेवा.

उत्तर (सात रस्ता)

मी थोडे वेगळे मत मांडतो. लायब्ररी, एसएसएच, वेब सर्व्हर हे सारे आपोआप होऊ द्यावे. परंतु ज्या डेटाबेसवर कारखान्याची बिले उभी आहेत त्याचे पॅकेज मी वगळण्याच्या यादीत घालतो आणि बॅकअप घेतल्यावर, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावर, हाताने अपडेट करतो. डिसेंबर 2023 मध्ये डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारातील 6.1.64 या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) एक्स्ट-4 फाइल-प्रणालीतील माहिती बिघडवू शकणारा दोष निघाला. डेबियनने 12.3 ही आवृत्ती थांबवली, आपोआप अपडेट करणाऱ्यांना सावध राहण्याचे आवाहन केले आणि दुरुस्त कर्नलसह 12.4 दिली. बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करता येते, परंतु बिघडलेली नोंद चांगल्या बॅकअपशिवाय परत मिळत नाही.

अर्थात वगळलेल्या पॅकेजची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते. तारीख लिहून ठेवली नाही तर ते वर्षभर तसेच पडून राहते, आणि असे सर्व्हर मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. 20.04 च्या यंत्रावर खरोखरच कित्येक महिने काहीही आलेले नाही. ते या आठवड्यातच बदलतो. आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज अनेकदा जाते, तेव्हा अपडेट अर्धवट राहिला तर काय होते? आणि रीबूटही आपोआप होऊ द्यावे का?

उत्तर (होटगी रोड)

अनअटेंडेड-अपग्रेड्स पॅकेजे लहान लहान गटांत बसवते, त्यामुळे यंत्र रीतसर बंद होत असेल तर चालू गट पूर्ण करून ते थांबते. अचानक वीज गेल्यास मात्र एखादे पॅकेज अर्धवट राहू शकते. बहुतेक वेळा डीपीकेजीला उरलेली मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा दिली की काम भागते. परंतु कर्नल किंवा ग्रब (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) यांच्या मध्यावर असे घडले तर यंत्र सुरू होईलच याची खात्री देता येत नाही. म्हणून यूपीएस नुसता जोडून थांबू नका. त्याची यूएसबी तार सर्व्हरला लावून एनयूटी हा प्रोग्राम बसवा, म्हणजे बॅटरी संपत आल्याचे सर्व्हरला वेळेत कळेल आणि तो नीट बंद होईल.

रीबूट मुळात बंदच असते आणि कार्यालयातील सर्व्हरवर ते तसेच ठेवावे. त्याची किंमत एवढीच की नवे कर्नल डिस्कवर असूनही जुनेच चालत राहते, आणि ज्या सेवा पुन्हा सुरू झालेल्या नाहीत त्या जुनीच लायब्ररी वापरत राहतात. कोणत्या सेवा अशा अडकल्या आहेत हे नीडरीस्टार्ट हे साधन दाखवते. आठवड्यातील एक ठरलेली वेळ, मागांची पाळी बदलताना वगैरे, रीबूटसाठी मालकांकडून मागून घ्या. गड्ड्याच्या यात्रेसारख्या सलग सुट्ट्यांच्या आदल्या दिवशी मात्र ते करू नका, कारण यंत्र उठले नाही तर पाहायला कोणी येणार नाही.

उत्तर (जुळे सोलापूर)

आधी एका यंत्रावर अपडेट करून दोन दिवसांनी इतरांवर करावेत असा सल्ला आपल्याला मिळेल. तो चांगला आहे, परंतु नुसता टायमर पुढे ढकलून तो साधत नाही, कारण दोन दिवसांनी रिपॉझिटरीत त्याहून नवी आवृत्ती आलेली असू शकते आणि मग न तपासलेलेच पॅकेज बसते. तपासलेला संचच पुढे न्यायचा असेल तर ॲप्टलीसारखे साधन वापरून रिपॉझिटरीची गोठवलेली प्रत ठेवावी लागते. तीन यंत्रांसाठी मी ते करणार नाही. आपल्या जागी मी आधी ऑर्डरचा प्रोग्राम लिहिणाऱ्याला गाठून तुटलेली जोडणी आपोआप जोडण्याची सोय करून घेईन, कारण डेटाबेस पुन्हा सुरू होण्याचे निमित्त अपडेट नसले तरी दुसरे काहीतरी असेलच.